आवक-जावक

नानांच्या घरी केळं खाऊन जायचं नाही, हा नियम आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. दारात चपला काढायच्या आधीच नाना विचारतात, "केळं?" आपण नाही म्हणून मान हलवायची. "अत्तर, सेंट?" पुन्हा मान हलवायची. मग ते चष्म्यावरून आपल्या शर्टाकडे बघतात. शर्ट काळा किंवा गडद असला तर दारामागच्या खुंटीवरून एक पांढरा, कुणाच्याच मापाचा नसलेला झब्बा निघतो आणि आपल्या डोक्यातून खाली उतरतो. एवढं झालं की गच्चीचा जिना खुला.

सुरुवातीला मला हे नानांचं खूळ वाटायचं. पण त्यामागे शास्त्र आहे. मधमाशी डंख मारते तेव्हा डंखाबरोबर एक वास सोडते आणि तो वास बाकीच्या जणींना सांगतो, शत्रू सापडला, या. हा वास थेट पिकल्या केळ्यासारखा असतो. "केळं खाऊन पेटीपाशी जायचं म्हणजे," नाना म्हणतात, "आपल्याच हाताने आपल्यावर समन्स बजावायचं." नाना सरकारी नोकरीतले. त्यांच्या उपमाही तिथूनच येतात.

पस्तीस वर्षं ते कचेरीत होते. खातं कोणतं ते सोडून द्या, आवक-जावक नोंदवही सगळ्या खात्यांत सारखीच. अर्ध्या महाराष्ट्राचा असतो तसा शाळेच्या दाखल्यावर त्यांचाही जन्म 1 जूनचा, त्यामुळे 31 मेला ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि 'नानांशिवाय हे ऑफिस कसं चालणार' या विषयावर तीन भाषणं झाली. अशी भाषणं रीत म्हणून करायची असतात. नानांनी ती खरी मानली. 1 जूनला सकाळी साडेदहाच्या ठोक्याला त्यांनी कचेरीत फोन लावला. "काही अडलंय का रे?"

"छे हो नाना! सगळं मस्त चाललंय. तुम्ही आराम करा."

"त्या 'मस्त'नंतर ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही," असं काकू सांगतात.

मग घराची कचेरी झाली. वाण्याच्या यादीवर जावक क्रमांक पडू लागला. फ्रिजवर 'प्रलंबित' अशी चिठ्ठी लावलेली फाइल आली आणि तिच्यात गॅसच्या शेगडीची दुरुस्ती, बाथरूमचा नळ आणि काकूंच्या भावाने 2009 साली नेलेली शिडी, अशी प्रकरणं दाखल झाली. नानांचं आवडतं वाक्य, "कारण लिहा. कारणाशिवाय कागद पुढे सरकत नाही." भांडीवाल्या बाई एक दिवस आल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे वही यायची. बाईंनी एकदा 'कंटाळा आला' असं कारण लिहिलं. नानांनी ते मंजूर केलं, कारण नोंद पूर्ण होती. काकू मात्र स्वेच्छानिवृत्तीची भाषा करू लागल्या होत्या.

त्यांच्या मदतीला धावून आली ती मधाची बाटली. नानांना मधुमेह आहे. "आता रोगाच्या नावातच मध आहे त्याला मी काय करू?" असं म्हणत ते तेव्हा सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर मध घ्यायचे. डिसेंबरच्या थंडीत त्या बाटलीतला मध तळाशी थिजला, रवाळ झाला. साखर घातलीय, असा निकाल देऊन नाना बाटलीसकट दुकानात गेले आणि लेखी खुलासा मागू लागले. दुकानदार गरीब माणूस. तो म्हणाला, "काका, थंडीत होतं असं." नानांना हे कारण पुरेसं वाटेना, म्हणून ते पुरावे गोळा करायला बसले आणि तिथेच फसले. मधातल्या ग्लुकोजचे थंडीत कण धरतात, अस्सल मधही थिजतो आणि बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो, हे त्यांना समजलं. मधात बुडवलेली काडी पेटवून बघणं, पाण्यात थेंब सोडून बघणं, कुत्र्यापुढे ठेवणं या आपल्या घरगुती परीक्षांत साखरेचा पाकही पहिल्या वर्गात पास होऊ शकतो, हेही समजलं. तिसऱ्या दिवशी नाना दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "चूक माझी होती."

काकूंना हे आजही सहन होत नाही. अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि ते वाण्याच्या वाट्याला गेलं.

पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून मधमाश्यांच्या संशोधनाची आणि प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. नाना पस्तीस वर्षं त्या रस्त्याने कचेरीत जात होते, पण ती पाटी त्यांनी कधी वाचली नव्हती. "मी तेव्हा फक्त सिग्नल बघायचो," ते म्हणतात. मधाच्या पुराव्यांच्या नादात ती आता वाचली. तिथे शिकून ते परत आले आणि पाठोपाठ एका संध्याकाळी रिक्षातून, मांडीवर नवं बाळ आणावं तशी, जाळीने तोंड बंद केलेली एक लाकडी पेटी घरी आली. आत आठ चौकटी आणि सातेरी मधमाश्यांची एक वसाहत. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात लोखंडी घोडी मांडली. मुंग्या वर चढू नयेत म्हणून घोडीचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवले. या वाट्या काकूंच्या रुखवतातल्या होत्या. त्यांच्यावर काकूंचं नाव कोरलेलं आहे. पावसाळ्यात ते नाव आणि मुंग्या एकत्र तरंगताना मी पाहिलेलं आहे.

इथून पुढे नानांचं बोलणं बदललं. त्यांच्यासमोर 'माशी' म्हणायची सोय राहिली नाही. "माशी उकिरड्यावर बसते. ही मधमाशी." त्यातही "ही सातेरी" म्हणताना त्यांच्या आवाजात, आमची सून देशस्थ बरं का, असा काहीतरी सूर लागतो. उंच इमारतींच्या सज्जाला एकच मोठं पोळं लटकवणारी ती आग्या. ती उघड्यावर राहते, संतापते, तिला पेटीत कोंडता येत नाही. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या खबदाडात, अंधारात एकापुढे एक अशी पोळी बांधते. सात पोळ्यांची म्हणून सातेरी, असं म्हणतात. "अंधारात, गुपचूप, रांगेने काम," नाना सांगतात, "आणि एवढं करून वर्षाला चार-पाच किलो मध. इटालियन माशी जास्त देते, पण आपल्याला काय करायचंय? आपली ती आपली."

पहिले पंधरा दिवस नाना फक्त एकाच गोष्टीच्या शोधात होते. दहा-पंधरा हजार कर्मचारी आहेत, पण साहेब कोण? राणीमाशी साहेब असणार, अशी त्यांची कल्पना. तिला शोधून तिच्याशी एकदा ओळख झाली की पुढचा पत्रव्यवहार सोपा. पण राणी सापडली आणि नाना निराश झाले. ती कुणालाच हुकूम देत नव्हती. अंडी घालणं हे तिचं काम आणि ते ती खाली मान घालून करत होती. कुठल्या फुलावर जायचं, पोळं कुठे वाढवायचं, केव्हा वाढवायचं, हे तिला कुणी विचारतही नव्हतं. ती मेली तर कामकरी माश्या साध्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत राजान्न भरवतात आणि सोळाएक दिवसांत नवी राणी तयार होते. "वशिला नाही, सेवाज्येष्ठता नाही," नाना हताश होऊन मला म्हणाले, "नुसता खुराक!"

"मग चालवतं कोण, नाना?"

नाना बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाललंय खरं मस्त."

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून जिन्यात उभ्या असलेल्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून नवी नोंदवही उघडली. लाल कापडाची बांधणी, वर सुवाच्य अक्षरात 'आवक-जावक'. रोज सकाळी आठ ते सव्वाआठ नाना पेटीच्या बाजूला, येण्याजाण्याच्या वाटेत न येता, स्टूल टाकून बसतात आणि मिनिटाला किती आत आल्या, किती बाहेर गेल्या, पायांवर पराग कोणत्या रंगाचा, हे लिहितात. पिवळा, नारिंगी, करडा. रकाने पाच. शेवटचा 'कारण'. ढगाळ हवा, वारा, वेडा राघू. हा वेडा राघू तारेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या माश्या टिपतो. माझ्या मते तो गल्लीतला सर्वांत शहाणा पक्षी आहे. नाना त्याच्यावर छत्री उगारतात, तेव्हा तो शेजारच्या तारेवर जातो. 'कारण' या रकान्यात त्याची हजेरी माझ्यापेक्षा जास्त आहे.

काकूंना या शास्त्रातला एकच भाग आवडला, तो नरमाश्यांचा. नर डंख मारत नाही, मध आणत नाही, साफसफाई करत नाही, आयतं खातो. एखाद्याचं राणीशी मीलन होतं आणि त्यातच तो मरतो. बाकीचे फिरून घरी येतात आणि पुन्हा खातात. "आणि टंचाई आली की कामकरी बायका त्यांना पेटीबाहेर काढतात," नाना एकदा पाहुण्यांना सांगत होते. काकू पोहे वाढता वाढता थांबल्या. "टंचाई साधारण कधी येते?" त्यांनी विचारलं.

मात्र नानांचं स्वतःचं आवडतं प्रकरण वेगळं आहे. कामकरी माशी जन्मली की पहिले काही दिवस घरं साफ करते. मग पिल्लांची दाई होते, मग मेण काढून गवंडीकाम करते, मग दारावर पहारा देते. तीनेक आठवडे झाले, वय झालं, की मगच ती फुलांवर जायला लागते. हंगामात आयुष्य सगळं मिळून सहाएक आठवड्यांचं. "लक्षात आलं का तुझ्या?" नाना माझा दंड धरतात. "म्हातारी झाली की तिला बाहेर पाठवतात. आपल्याकडे घरात बसवतात." हे ते मला आतापर्यंत अकरा वेळा म्हणाले आहेत, आणि प्रत्येक वेळी दंड धरून.

कुणी ऐकणारा मिळाला की नाना नाच करूनही दाखवतात. फुलं सापडलेली माशी पोळ्यावर इंग्रजी आठासारखा नाच करते आणि त्यातल्या सरळ रेषेचा उभ्या रेषेशी जो कोन, तोच फुलांचा सूर्याशी कोन. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि त्यांना 1973 साली नोबेल मिळालं. "समज, सूर्य हा तुझा टीव्ही," असं म्हणून नाना माझ्या हॉलमध्ये कंबर हलवत चालत जातात, वळतात, परत येतात. "आता सांग, शेवगा कुठे?" मी अंदाजाने स्वयंपाकघर म्हणतो. "स्वतःच्या लग्नाच्या वरातीत ह्यांनी पाय हलवला नव्हता," काकू म्हणतात.

अंतर हा दुसरा विषय. फिलाडेल्फियातले लँगस्ट्रॉथ नावाचे एक पाद्री. 1851 साली त्यांच्या ध्यानात आलं, की दोन चौकटींमध्ये सेंटीमीटरपेक्षा थोडी कमी जागा सोडली तर माश्या ती वाट म्हणून मोकळी ठेवतात. जास्त ठेवली तर तिथे पोळं बांधतात, कमी ठेवली तर बुजवून टाकतात. त्यातूनच काढता-घालता येणाऱ्या चौकटींची आजची पेटी निघाली. नाना हे तत्त्व सगळीकडे लावतात. कपाट भिंतीपासून किती दूर, सोफा टीपॉयपासून किती दूर. एका लग्नात व्याही-व्याह्यांचं वाजलं, तेव्हा नाना माझ्या कानात म्हणाले, "अंतर चुकलं. जास्त झालं की माणसं मध्ये काहीतरी बांधतात."

गेल्या वर्षी ज्येष्ठ नागरिकांची सहल महाबळेश्वरला निघाली होती. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे स्ट्रॉबेरी विथ क्रीम. नानांनी गाडी वळवली मांघरला. 2022 साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं हे पहिलं गाव. मंडळी उन्हात मधपेट्या बघत उभी राहिली. जांभळीचा मध काळसर आणि किंचित कडवट, कारवी वर्षानुवर्षं थांबून एकदाच फुलते तेव्हा तिचा वेगळा, असं नाना स्थानिक माणसाच्या आधी सांगत होते. परतताना स्ट्रॉबेरीची दुकानं मिटली होती. त्या सहलीनंतर नानांना समितीतून बढती मिळाली, म्हणजे काढून टाकलं.

डंखाला नाना 'सही' म्हणतात. "आज डाव्या भुवईवर सही झाली." पहिली सही पापणीवर झाली तेव्हा नाना तीन दिवस एका डोळ्याने फिरले आणि सोसायटीत कुणी विचारलं की म्हणायचे, "माझीच घाई. धूर कमी पडला." धुरासाठी गोणपाट आणि नारळाच्या शेंड्या जाळतात. धूर दिला की माश्यांना वाटतं वणवा लागला, आणि त्या भांडायचं सोडून मध पोटात भरून घ्यायला लागतात. शिवाय तो केळ्याचा वासही धुरात हरवतो. पहिल्यांदा नानांनी इतका धूर केला की गल्लीचा वॉचमन बादली घेऊन वर आला आणि जाळीचा मुखवटा, पांढरा अंगरखा आणि हातात धुमसणारं धुरांडं, असा नानांचा अवतार बघून बादलीसकट खाली गेला. एक मात्र सांगायला हवं. गल्लीत कुणाला कशाची ॲलर्जी आहे, डंखाने कुणाला जास्त सूज येते, याची यादी नानांकडे आहे, आणि त्या घरातलं माणूस पेटीच्या दहा पावलांत येऊ देत नाहीत. डंख नखाने खरवडून काढायचा आणि श्वास लागला तर थेट दवाखाना गाठायचा, हे त्यांनी सगळ्यांकडून घोकून घेतलंय.

मधाबाबतही तेच. कोपऱ्यावरच्या घरी बाळ झालं तेव्हा आजीने सोन्याची अंगठी मधात बुडवून तयार ठेवली होती. नानांचा मध मागायला माणूस आला. नाना स्वतः गेले, पण रिकाम्या हाताने. "वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. थेंबसुद्धा नाही." आजी रागावल्या. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला सकाळी सात वाजता नाना बाटली घेऊन त्यांच्या दारात उभे होते.

मग तक्रार आली. आमच्या सोसायटीचे चेअरमन नानांच्या पूर्वेला राहतात. त्यांच्या परसात शेवग्याची दोन झाडं आहेत आणि त्यांचा स्वभाव तिसऱ्या झाडासारखा, चटकन मोडणारा. पेटी आमच्या बाजूला नको, हलवा, असा ठराव झाला. नाना उभे राहिले. "हलवतो. पण तीन फूट किंवा तीन मैल."

माश्यांना आपल्या घराची जागा पाठ असते. पेटी वीस फूट सरकवली तर बाहेर गेलेल्या जुन्या जागीच परत येतात आणि घिरट्या घालत मरतात. एक तर इतकं थोडं हलवायचं की त्यांना सापडावं, नाहीतर इतकं लांब न्यायचं की त्यांनी सगळं नव्याने शिकावं. तीन मैलांवर नानांचं कुणी नव्हतं. तेव्हा दर दोन दिवसांनी, अंधार पडल्यावर, नाना आणि मी पेटी अलगद उचलून तीन फूट पश्चिमेला ठेवू लागलो. पालखीसारखे मुक्काम पडत गेले. पाण्याच्या टाकीपाशी एक, वाळवणाच्या दोरीखाली एक, सोलरच्या तळाशी एक. तिथे पाऊस झाला म्हणून दोन दिवस जास्त. काकू रोज विचारायच्या, "आज कुठवर आली?" तीन आठवड्यांनी पेटी पश्चिमेच्या कठड्याला लागली. पश्चिमेला माझं घर आहे.

अशा रीतीने मी या प्रकरणात आलो.

एप्रिलमध्ये मध काढला. चौकटीच्या घरांवर मेणाची झाकणं बसली की मध पिकला समजायचं. मोठ्या सुरीने झाकणं उतरवायची, चौकट मधयंत्रात उभी करायची आणि हँडल फिरवायचं. मध भिंतीवर उडतो, खाली उतरतो, पोळं शाबूत राहतं, चौकट पुन्हा पेटीत. सांगायला सोपं आहे. आम्ही हे काकूंच्या स्वयंपाकघरात केलं. पुढचे आठ दिवस त्या घरात कुठलंही दार उघडताना हात दाराला चिकटून राहायचा. एकूण मध निघाला 2 किलो 300 ग्रॅम. काकूंनी पाटीवर हिशेब मांडला. पेटी, घोडी, वसाहत, मुखवटा, धुरांडं, पाकाची साखर, पेट्रोल, लाल नोंदवही मिळून 10,350 रुपये. "किलोला साडेचार हजार पडला," त्या म्हणाल्या. "यात माझ्या वाट्या धरलेल्या नाहीत."

आणि तो मध खायचाही नव्हता. नानांना पथ्य, आणि दुसऱ्या कुणी चमचा तोंडात घातला की नाना डोळे मिटायचे. एक माशी आयुष्यभरात चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध करते, असं म्हणतात. "बारा जणींचा जन्म गिळलास," नाना म्हणायचे. मग गिळवत नसे. मध कपाटात गेला, किल्ली नानांच्या जानव्याला.

पावसाळ्यात फुलं कमी. तेव्हा माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. "ह्यांची साखर बंद, त्यांची चालू," असं म्हणत काकू पाक करायच्या. ऑगस्टमध्ये दोघं पंधरा दिवसांसाठी मुलाकडे बेंगळुरूला गेले. जाताना नानांनी मला दोन पानी सूचना दिल्या, साखरेचा डबा दिला, गच्चीची किल्ली दिली. दर तिसऱ्या दिवशी पाक. चौकटींवर जाळी दिसली तर मेणकिडा समजायचा आणि फोन करायचा.

मी एकदा गेलो. कानावर सही झाली. मग धो धो पाऊस, मग माझं काम, मग पुन्हा पाऊस. नऊ दिवसांनी छत्री घेऊन वर गेलो तेव्हा पेटीतून आवाज येत नव्हता. झाकण उचललं. आत कोरडी पोळी, कोपऱ्यात मेणकिड्याची जाळी, आणि एकही माशी नाही. सातेरीचा हा स्वभावच आहे. घरात खायला उरलं नाही की सगळी वसाहत राणीसकट उठून निघून जाते. फोन करायचं मला धाडस झालं नाही.

नाना आले ते बॅगा हॉलमध्ये टाकून थेट गच्चीवर. मी मागोमाग. त्यांनी पेटी उघडली, बंद केली. मग जिन्याच्या कोनाड्यातला साखरेचा डबा उचलला, हातात तोलून पाहिला. डबा जवळजवळ भरलेला होता. मी पायाकडे बघत उभा. पस्तीस वर्षांत त्यांनी किती जणांना कारणं दाखवा नोटीस दिली असेल, याचा मी मनात हिशेब करत होतो. नाना स्टुलावर बसले, लाल वही उघडली आणि लिहिलं, 'आवक निरंक. जावक: सर्व.' मग पाचव्या रकान्यावर पेन थांबलं.

"नाना, कारण..." मी म्हणालो.

"सवडीने लिहू," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

चार दिवसांनी कपाट उघडलं. काकूंनी गाळून भरलेल्या लहानमोठ्या बाटल्या घेऊन नाना गल्लीत घरोघर फिरले. प्रत्येक बाटलीवर त्यांच्या कचेरीच्या अक्षरात चिठ्ठी होती. वर्षभर परागाचे रंग आणि माश्यांची दिशा टिपून त्यांनी कुणाच्या दारातून किती आवक झाली याचं गणित मांडलं होतं आणि त्या मानाने वाटे पाडले होते. सगळ्यांत मोठी बाटली चेअरमनना गेली: 'शेवगा – 2 झाडे.' चेअरमननी ती दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ त्यांना काही बोलायला सुचलं नाही. मग ते म्हणाले, "पेटी हवी तर इकडे आणा परत." कोपऱ्यावरच्या आजींना 'कडुनिंब – 1, कढीपत्ता – 1'. वॉचमनला 'केबिनमागची तुळस'. वेताळ टेकडीवरच्या गिरिपुष्पाचा वाटा कुणाला द्यायचा हा प्रश्न होता. तो नानांनी भांडीवाल्या बाईंना दिला, कारण त्या टेकडीपलीकडून येतात.

माझी बाटली सगळ्यांत लहान होती. खोकल्याच्या औषधाची. चिठ्ठीवर, 'तुळस – 1 कुंडी (सुकलेली).'

पेटी सध्या रिकामी आहे, धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. थंडीत नवी वसाहत यायची आहे. तोवर नाना रोज सकाळी काठी आणि लाल वही घेऊन टेकडीवर जातात, कुठे काय फुललंय ते लिहायला. काकूंनी विचारलं, रोज एवढं कुठे जाता, तर म्हणाले, "फील्ड ड्युटी."

मी अंगणात शेवग्याची फांदी लावली. कुणाला सांगितलं नव्हतं. पण काल नाना कठड्यावरून वाकून बघत होते आणि काहीतरी लिहीत होते. ते आत गेल्यावर मी गच्चीवर जाऊन वही उघडली. ऑगस्टच्या पानावर पाचवा रकाना अजून कोराच आहे. आणि शेवटच्या पानावर, कालच्या तारखेला: 'पश्चिमेचे शेजारी. शेवगा – 1. पाने चार. आवक प्रस्तावित.'